यादीतली एक बंद ओळ

१३ मे, मंगळवार

वैराग गावचं लग्न आटोपून परत आलो. ऊन असं की एसटीच्या खिडकीच्या गजाला हात लावता येईना. शै.च्या माहेरी तीन दिवस, आणि तिन्ही दिवस कानावर एकच नाव. सुहासराव. शै.च्या धाकट्या बहिणीचे, मीनाचे यजमान. म्हणजे आमचे साडू. पुण्यात कंपन्यांचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचं काम करतात.

पंगतीत सासूबाई त्याच्या पानावर स्वतः वाढायला उभ्या. माझ्या पानावर कोणाचा तरी पुतण्या. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "धाकला जावई लई गुणाचा हाय." थोरला कसा आहे ते शेजारणीने विचारलं नाही, यांनीही सांगितलं नाही.

वर तो आमच्याबरोबरच सोलापूरला आलाय. दोन दिवस राहणार. आमचा कारखाना बघायचाय म्हणे. टॉवेलच्या कारखान्यात बघण्यासारखं काय असतं, धूळ आणि खडखडाट.

१५ मे, गुरुवार

सु.ला कारखान्यात नेलं, तीच चूक झाली.

मालक एरवी जुन्या शेडकडे फिरकत नाहीत. आज नेमके आले. पुण्याचं नाव ऐकलं आणि त्याला ऑफिसात नेऊन थंड पाजलं. मला तीस वर्षांत दोनदा पाजलंय, त्यातलं एकदा त्यांच्या मुलीच्या लग्नात.

मग मालक म्हणाले, मास्तरांच्या, म्हणजे माझ्या, कॉम्प्युटरवरची डिझाइनं नव्या शेडला पण दिसली पाहिजेत, जमेल का. जमेल की, म्हणाला. आणि माझ्या खुर्चीत बसला. माझ्या. गादी मी घरून आणलेली. जुन्या शेडचे आठ माग या एका कॉम्प्युटरच्या तोंडाकडे बघून चालतात. मी नक्षी काढायची, ती तारेतून मागाला जायची. अठरा वर्षं त्या खुर्चीत दुसरं कोणी बसलेलं नाही. त्याआधी हाताने पंच कार्डं पाडत होतो, एकेका टॉवेलला दोन-दोन हजार भोकं, तेव्हा हा शाळेत असेल.

अर्ध्या तासात काम झालं. मला शिकवायला लागला. एक लांबलचक इंग्रजी यादी उघडली, म्हणाला, दादा, या सगळ्या आतल्या सेवा, कॉम्प्युटर चालू झाला की आपोआप उठतात आणि आपापलं काम करतात. ही बघा, सर्व्हर नावाची ओळ. ही चालू आहे म्हणून नव्या शेडला तुमची डिझाइनं दिसतात. हवं तर तिकडच्या कॉम्प्युटरवरून मला पुण्यातूनही बघता येईल.

मी हो हो केलं.

जाता जाता पडद्यावरचा माझा मोर बघितला. हैदराबादच्या गिऱ्हाइकासाठी किनारीत मोर काढतोय, एकवीस दिवस झाले. बघितला आणि म्हणाला, "दादा, चोचीपाशी एक ठिपका जास्त आहे का?"

आहे. तेच जास्त लागलं.

१६ मे, शुक्रवार

सु. सकाळच्या गाडीने गेला. शै.ने सोबत दोन किलो शेंगाचटणी दिली. घरात आता डबा खडखडतोय.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर ती यादी उघडली. सर्व्हरची ओळ शोधली आणि तिथे डिसेबल्ड करून ठेवलं. पुण्यात बसून माझे मोर मोजतोस काय. बघ म्हणावं आता.

लिहून टाकतो, इथे कोण वाचणार आहे. जळतो मी त्याच्यावर. पोटात खरोखर दुखतं. त्याने माझं काही वाईट केलेलं नाही, हे तर जास्तच दुखतं.

१७ मे, शनिवार

काही झालं नाही. नव्या शेडमध्ये जाऊन बघितलं, माझी सगळी डिझाइनं तिथे दिसतायत. म्हणजे तेही मला जमलं नाही. जाऊ दे.

चोचीजवळचा ठिपका काढला. कोणाला सांगितलं नाही.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

मीनाने नव्या घराचे फोटो पाठवलेत. शै. दिवसभर मोठे करकरून बघत होती. बाल्कनी किती मोठी आहे बघा. बघितली. पुण्यात नळाला रोज पाणी येतं म्हणे. आमच्याकडे आज पाचव्या दिवशी आलं, तेही मीच भरलं, कारण ती बाल्कनी बघत होती.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

कारखान्यात पूजा झाली. आठही मागांना झेंडूच्या माळा, धोट्यांना हळदकुंकू. मीही नेहमीप्रमाणे कॉम्प्युटर बंद केला, पुसला, गंध लावलं, समोर नारळ ठेवला. वर्षात एवढा एकच दिवस त्याला विश्रांती. एरवी फक्त पडदा बंद करायचा, डबा चालूच. वीज गेली तरी खाली बॅटरी आहे. म्हातारं मशीन आहे, निजलं तर उठेल न उठेल. पण खंडेनवमीला आयुध चालवायचं नाही म्हणजे नाही, हा मालकांच्या वडिलांपासूनचा नियम.

यल्लप्पा, एक नंबर मागाचा विणकर, पेढा देताना म्हणाला, मास्तर, यंदा तुमच्या डब्याला माळ मोठी घातलीय. बरं वाटलं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

उठला. पडदा आला, मोर आला, सगळं जागच्या जागी. पण मागाला नक्षी जाईना. खाली चौकट येते, नेटवर्कची सेवा चालू झाली नाही. खाली नंबर, १०६८. पोलिसांच्या कलमासारखा.

तारा काढून परत लावल्या. तारांच्या पेटीतले हिरवे दिवे लुकलुकतायत, म्हणजे तार बरी आहे. बंद करून चालू केला. तीनदा. तीच चौकट.

आठ माग उभे. हैदराबादच्या मालाचे निम्मे टॉवेल अजून विणायचेत, आणि नेमके मोराचे. यल्लप्पा दारात येऊन उभा. "मास्तर, सकाळपास्नं हात बांधून बसलोय की ओ." चहा पी म्हटलं.

४ ऑक्टोबर, शनिवार

आज चौकटीतलं इंग्रजी नीट वाचलं, डिक्शनरी घेऊन. ही सेवा ज्या सेवेच्या आधारावर उभी राहते ती उठली नाही, म्हणून हीही उठत नाही, असा अर्थ. ती आधारवाली कुठली ते लिहिलेलं नाही. आपल्याकडच्या माणसांसारखंच झालं हे, नाव घेत नाहीत, नुसतं म्हणतात एकजण आहे.

उंदराने तार कुरतडली असेल म्हणून मागच्या भिंतीपर्यंत रांगत गेलो. गुडघा दुखतोय.

मालक आले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं. शांतपणे म्हणाले, मास्तर, पुढच्या शुक्रवारपर्यंत बघू. नाही उठला तर जुनं शेड बंद करून टाकू, माल नव्या शेडवर घेऊ, तसंही किती दिवस ओढायचं. मग माझं काय, हे मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. "तुमाला घडीच्या खात्यात घेऊ की. बसून काम हाय."

घडीचं खातं. तिथे टॉवेल मोजून दुमडतात. ज्या मोराला मी चोच दिली त्याची मी चौघडी घालायची.

घरी शै.ला सांगितलं. सांगायला नको होतं. मी हातपाय धुऊन येईपर्यंत हिने पुण्याला फोन लावला होता. "सोमवारी येतायत सुहासराव. रजा काढून." रजा काढून, हे दोनदा म्हणाली.

५ ऑक्टोबर, रविवार

माझ्याच मशीनला उठवायला तो येणार, माझ्याच घरी राहणार, माझ्याच खुर्चीत बसणार. शै. सकाळपासून भाकऱ्या करून वाळवतेय, त्याला कडक भाकरी आवडते म्हणून. दात होते तोवर मलाही आवडायची, हे तिला आठवत नसावं.

देवापुढे बसलो आणि मनात आलं की त्यालाही जमू नये. हात जोडलेले होते तेव्हा. मशीन उठलं नाही तर माझी खुर्ची जाणार, हे माहीत असून हेच आलं मनात.

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागिरी

संध्याकाळी सु. आला. माझ्यासाठी गुडघ्याचा पट्टा आणलाय. गुडघ्याचं शै.ने फोनवर सांगितलं असणार. पट्टा चांगला आहे. बांधून बघितला, मग काढून ठेवला.

गच्चीवर दूध झालं. शै.ने त्याला माझ्या घडीच्या खात्याचं पण सांगून टाकलं, माझ्यासमोर. तो नुसतं दुधावरची साय बोटाने बाजूला करत राहिला.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी निघताना त्याने लिहायला कागद मागितला. शै.ने कॅलेंडरचं सप्टेंबरचं पान दिलं, मागची बाजू कोरी असते म्हणून ती ठेवून देते.

कारखान्यात दहा वाजता खुर्चीत बसला. मी बाजूला स्टुलावर. तारांना हातसुद्धा लावला नाही. ती लांब यादी उघडून कॅलेंडरच्या पानावर काहीबाही उतरवत होता, पान माझ्यापासून जरा वळवून. साहेबी खाक्या. मी मुद्दाम तिकडे बघितलं नाही, खिडकीतून बाहेर बघत होतो.

अर्ध्या तासाने पेन ठेवलं. म्हणाला, "दादा, मे महिन्यानंतर यात कोणी काही बदल केलाय का?"

कोण करणार, मी म्हटलं, या खुर्चीत माझ्याशिवाय कोणी बसत नाही. जरा ताठ्यातच म्हटलं.

"बरं," म्हणाला. पान घडी घालून खिशात ठेवलं.

मग दिवसभर काही ना काही. डबा उघडून पंखा साफ केला. एक तार बदलली. दुपारनंतर तर नुसताच मागांमधून हिंडत होता. यल्लप्पाची आई अक्कलकोटकडची, सु. पण मूळचा तिकडचाच, दोघे कन्नडमध्ये गप्पा मारत बसले. संध्याकाळी मालकांनी विचारलं, काय झालं. मशीन जुनं आहे, वेळ लागेल, म्हणाला.

नाही जमलं त्याला! पहिल्यांदा बघितलं मी हे. येताना रिक्षात मी गाणं गुणगुणत होतो, शेवटी त्यानेच विचारलं कुठलं गाणं. मग गुणगुणणं बंद केलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

आजही नाही. मालक दुपारी येऊन गेले, थंड वगैरे काही मागवलं नाही. "पुण्याचे असून जमंना का ओ?" असं हसत म्हणाले, पण हसू वरवरचं. सु.चे कान लाल झाले. मी बघितलं. दोन वर्षांचं जळणं एका क्षणात निवलं.

पण घटकाभरच. यल्लप्पा मागाला टेकून झोपला होता. मोकळ्या मागाचा आवाज नसतो, तेव्हा त्या शेडमध्ये पंख्यांची कुरकुर ऐकू येते. इतकी वर्षं कधी ऐकली नव्हती. परवा शुक्रवार.

रात्रीचं जेवण. शै.ने धपाटे केलेले, त्याने एकच खाल्लं. म्हणाला, दादा, तुम्ही रोजनिशी लिहिता ना, ताई सांगत होत्या. जुन्या मशीनचं काहीतरी असतं, कधी काय केलं ते आपण विसरून जातो. मेपासूनची पानं एकदा चाळून बघा ना.

माझा तिळपापड. माझ्या रोजनिशीचं पण सांगून झालं का हिचं त्याला. ताटावरून उठलो.

मग इथे येऊन बसलो आणि पानं चाळली.

१६ मे.

तीनदा वाचलं. माझंच अक्षर.

डिसेबल्ड केलं तेव्हा ती सेवा चालू होती, म्हणून चालत राहिली. कॉम्प्युटर बंद झालाच नाही तर ती मरणार कशी. खंडेनवमीला मी बंद केला, गंध लावलं, नारळ ठेवला, आणि परत उठवला तेव्हा ती उठली नाही, कारण मीच तिला उठू नको म्हणून ठेवलं होतं. तिच्या आधारावर मागाची नक्षी जाते हे मला कुठे माहीत. सहा दिवस आठ माग उभे, आठ माणसं बसून, मी भिंतीशी रांगतोय. आपलंच नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात तो हा.

शै. विचारत होती काय झालं, तोंड का असं. ॲसिडिटी म्हटलं.

आता काय करायचं. सु.ला सांगितलं तर तो उद्या दहा वाजता दोन मिनिटांत उठवेल, मालक त्याला परत थंड पाजतील, आणि मी का केलं ते त्याला सांगावं लागेल. काय सांगू? चोचीपाशी एक ठिपका जास्त म्हणालास म्हणून? नाही सांगितलं तर शेड जाईल. यल्लप्पा कुठे जाईल, त्याला दुसरा माग येत नाही. गुपचूप मीच उठवला तर

९ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी सु. चहा पिताना म्हणाला, आज मी आणि ताई अक्कलकोटला जाऊन येतो, स्वामींचं दर्शन आणि माझ्या आईला भेटणं. "दादा, तुम्ही बसा तोवर मशीनपाशी. माझं डोकं चालेनासं झालंय."

देवानेच ऐकलं असं वाटलं मला.

अकरा वाजता शेडमध्ये कोणी नव्हतं, सगळे दारात सावलीला. यादी उघडली. सर्व्हर. डिसेबल्ड. ते ऑटोमॅटिक केलं, मग चालू कर म्हटलं. एक हिरवी पट्टी सरकत सरकत गेली. मग मागाची सेवा चालू केली. तीही उठली. चौकट आली नाही.

एक नंबर मागाला मोर पाठवला. दारातून यल्लप्पाला हाक मारली. त्याने दांडा ओढला आणि माग असा सुरू झाला की दारातले सगळे आत पळत आले. मग दोन नंबर, मग तीन. यल्लप्पाने माझे दोन्ही हात धरले. "मास्तर, पुण्याचं काय न्हाय जमलं, तुमीच केलासा बगा."

मी काय बोललो? काही नाही. नुसता हसलो. न बोलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं स्वतःला सांगितलं.

मालक आले. पाठीवर थाप मारली. काय होतं म्हणाले. आतली एक सेवा अडली होती, म्हटलं. हे खरंच आहे.

संध्याकाळी सु. आणि शै. परत आले. यल्लप्पाने सु.ला फोन करून आधीच सांगितलं होतं. शै. प्रसाद हातावर ठेवताना माझ्याकडे अशी बघत होती, जशी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बघायची. सु. म्हणाला, मला वाटलंच होतं दादा करतील. तुमच्याशिवाय कोणाला जमलं नसतं.

मला खूप खूप बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं. आज भाकरी पण चावली.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सु. दुपारच्या गाडीने गेला. स्टेशनवर मीच सोडायला गेलो, आपणहून. बॅग पण मीच उचलली. जिंकलेला माणूस मोठ्या मनाचा होतो.

मालक म्हणाले, जुनं शेड वर्षभर तरी ठेवू.

१२ ऑक्टोबर, रविवार

फराळाच्या तयारीला शै.ने डबे काढले. तळाला घालायला जुने कागद शोधत होती. सु. झोपायचा त्या गादीखालून कॅलेंडरचं सप्टेंबरचं पान निघालं. मागे लिहिलेलं आहे, तुमच्या कामाचं आहे का बघा, म्हणून माझ्या हातात दिलं आणि गेली.

वर मंगळवार, सकाळी साडेदहा. खाली यादी, त्याच्या बारीक अक्षरात, वीसेक ओळी. सतराव्या ओळीभोवती गोल. सर्व्हर. पुढे लिहिलंय, "माझ्यानंतर कोणीतरी हाताने बंद केलेली." आणि खाली वेगळ्या शाईत, "मालकांना सांगायचं नाही. दादांनाच आठवू दे."

मंगळवारी साडेदहा. म्हणजे बसल्यापासून अर्ध्या तासात कळलं होतं त्याला. पेन ठेवून मला विचारलं ते कळल्यावर. मग पंखा साफ केला, तार बदलली, बुधवारचा दिवस काढला, मालकांचं बोलणं ऐकून घेतलं. कान लाल झाले होते त्याचे. मी निवलो होतो ते बघून. रोजनिशी चाळा म्हणाला. मग अक्कलकोटला निघून गेला, मला शेड मोकळं करून द्यायला.

माझी खुर्ची राहावी म्हणून.

आयुष्यात एकदा त्याला हरवलं, आणि तेही त्यानेच मला दिलं. पट्ट्यासारखं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

रात्रभर राग. त्याच्यावर. एवढं चांगलं वागायचं काय कारण? दोन मिनिटांत उठवून, दादा हे तुम्हीच बंद केलं होतं, असं तोंडावर म्हणाला असता तर मी आयुष्यभर बिनधास्त जळत राहिलो असतो. तेवढंही ठेवलं नाही त्याने.

आणि तरी जळतोय. आता जास्त. पूर्वी त्याच्या बाल्कनीवर जळत होतो.

१५ ऑक्टोबर, बुधवार

मोर धडाधड निघतायत. माग एक ते आठ. नव्या शेडला डिझाइनं दिसतात, म्हणजे पुण्यालाही दिसत असणार. दुपारी ती यादी उघडून सर्व्हरच्या ओळीकडे बघत बसलो. ऑटोमॅटिक. हात लावला नाही.

शै.ने ते पान वाचलं का? विचारायचं धाडस नाही. आज तिने भाजी वाढताना माझ्या ताटात कडक भाकरीचा चुरा दुधात कालवून ठेवला, दातांना बरा पडतो म्हणून.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस

मालकांनी बोलावलं. लक्ष्मीपूजनाला कारखान्यात सगळ्यांसमोर टॉवेल-टोपी देऊन माझा सत्कार. टॉवेल मोराचा, पहिल्या लॉटमधला. आपल्याकडे कोणाचाही सत्कार टॉवेल-टोपीनेच होतो, मी हजार सत्कारांचे टॉवेल काढले असतील, खांद्यावर एकदाही पडला नाही. आणि चार शब्द बोला म्हणाले, काय अडलं होतं, कसं सोडवलं, पोरांना कळू दे.

मग म्हणाले, तुमच्या साडूंना पण फोन केलाय मी. अक्कलकोटला चाललेतच, वाटेत थांबतील. बिचाऱ्यांनी दोन दिवस घातले की, त्यांना पण बघू दे.

मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि बरं म्हणालो.

२० ऑक्टोबर, सोमवार. नरक चतुर्दशी

पहाटेची आंघोळ झाली. शै.ने उटणं लावताना पाठ जरा जास्तच घासली.

संध्याकाळी सु. आणि मीना आले. दारातच म्हणाला, "दादा, माग चालू ना?" चालू आहेत म्हटलं. माझ्या डोळ्यांत काही सापडतंय का हे मी त्याच्या डोळ्यांत बघत होतो. सापडलं नाही. त्याला सापडलं असेल तर त्याने दाखवलं नाही, ते त्याला जमतं. चकली कुरकुरीत झालीय म्हणाला. पट्टा बांधता का विचारलं. बांधतो म्हटलं, आणि मग आत जाऊन बांधला.

उद्या चार शब्द. सकाळपासून जुळवतोय. आतली एक सेवा अडली होती. इथपर्यंत येतं. ती कोणी अडवली, हे पुढचं वाक्य. ते म्हटलं तर मालकांच्या हातातला टॉवेल तिथेच थांबेल, यल्लप्पा बघत असेल, शै. बघत असेल. नाही म्हटलं तर समोर तो बसलेला असेल, टाळ्या वाजवत. तो वाजवणार, मनापासून वाजवणार, हे मला आत्ताच दिसतंय.

शै.ने उद्याचा शर्ट काढून ठेवलाय, इस्त्रीचा. सप्टेंबरचं पान मी घडी घालून त्या शर्टाच्या खिशात ठेवलं. मग काढलं. आता परत ठेवलंय.